शेजाऱ्यांना घरी बोलावताना : ख्रिस्ती पाहुणचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी बहिणींची प्रार्थनासभा असते. प्रार्थना संपली की चहा होतो, आणि मनातले प्रश्न निघतात ते त्या चहाबरोबर. गेली काही वर्षं एक विषय सारखा येतोय : शेजारी. जिन्यात बोलणं होतं, लिफ्टमध्ये हसणं होतं, पण एकमेकांच्या घरात येणं-जाणं नाही. मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढले, आता शहरात चोवीस घरांच्या सोसायटीत राहते. त्या चोवीसांत ख्रिस्ती घरं तीन. बहिणींनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि मला जमली तशी उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

पाहुणचार आपल्याकडे आधीपासून आहेच. मग ‘ख्रिस्ती पाहुणचार’ म्हणजे वेगळं काय?

आहेच, आणि त्याचा मला अभिमान आहे. आपण ख्रिस्ती झालो म्हणून दारात आलेल्याला पाणी विचारण्याची रीत कुठे गेली नाही. पण पवित्र शास्त्र त्यात एक भर घालतं. नव्या करारात पाहुणचारासाठी जो ग्रीक शब्द आहे, ‘फिलोक्सेनिया’, त्याचा सरळ अर्थ परक्यावरची माया. सोयऱ्याधायऱ्यांचा मान आपण राखतोच, इथे बोलणं चाललंय परक्याबद्दल. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू एका परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्याच्या, घरी जेवायला बसलेला असताना यजमानालाच सांगतो की जेवण घालशील तेव्हा भाऊबंद, नातलग, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, ते तुला उलट बोलावतील आणि फेड होऊन जाईल. गोरगरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव. हे वाक्य मी दर वेळी वाचते तेव्हा आमच्या घरच्या जेवणावळी डोळ्यांसमोर येतात. त्यांत परका माणूस शोधून सापडत नाही.

आणि अब्राहामाची गोष्ट विसरू नका, पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकातली, उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातली. भर उन्हाच्या वेळी तो तंबूच्या दारात बसलाय, समोर तीन अनोळखी माणसं दिसतात, हा म्हातारा धावत जातो. त्यांना म्हणतो, थोडं पाणी आणतो, पाय धुवा, भाकरतुकडा खा आणि मग पुढे जा. इतकं म्हणून आत जातो आणि बायकोला, साराला सांगतो, तीन मापं सपीठ मळ! गुरांत जाऊन चांगलं कोवळं वासरू निवडतो. दही, दूध, सगळं मांडतो आणि ते जेवत असताना स्वतः झाडाखाली उभा राहतो. ‘नुसता चहा घेऊन जा’ म्हणून आत बोलवायचं आणि पाठोपाठ पोह्यांची बशी पुढे करायची, ही आपली रीत फार जुनी आहे. ते तिघं कोण होते हे अब्राहामाला आधी ठाऊक नव्हतं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात अतिथिप्रेमाचा विसर पडू देऊ नका, कित्येकांनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला आहे, असं जे म्हटलंय, त्यामागे हीच आठवण आहे.

आमच्या घरचं काही शेजारी खात-पीत नाहीत. चहा म्हटलं की ‘आत्ताच झाला’. अशांना बोलवायचं तरी कसं?

हा प्रश्न विचारताना बहिणींचा आवाज खाली जातो. त्यामागे काय आहे ते मला ठाऊक आहे. आपल्यातली बहुतेक घरं ज्या वाड्यावस्त्यांतून आली, तिथल्या माणसांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. महाराष्ट्रात पाणी आणि भांडं या साध्या गोष्टी कधीच नव्हत्या. जोतीरावांना १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला करावा लागला, बाबासाहेबांना १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावं लागलं. ‘आत्ताच झाला’ हे दोन शब्द ऐकले की हे सगळं मनात हलतं. ते हलतंच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता माझ्या आईची गोष्ट सांगते. आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. स्वभावाने प्रेमळ, पण आमच्या घरचं पाणीही घेत नसत. आईने त्यांना चहाला बोलावणं हळूहळू सोडून दिलं. मग एका सकाळी आमचं दही नासलं. आई वाटी घेऊन त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, “आजी, चमचाभर विरजण द्या.” आजींनी वाटी हातात घेतली नाही, पळी वरून धरली आणि विरजण वाटीत सोडलं. मी शेजारी उभी होते, मला ते दिसलं. आईलाही दिसलं असणार. संध्याकाळी दही लागलं आणि आई जाऊन सांगून आली, “आजी, खापरीसारखं घट्ट लागलंय तुमचं दही.” पुढे कधी विरजण, कधी कढीपत्त्याची काडी, कधी मिरच्या. मागणारी आईच. असं किती महिने चाललं ते आता आठवत नाही. पण एका उन्हाळ्यात आजींचं दही आंबून गेलं आणि त्या आमच्या उंबऱ्याशी आल्या, हातात त्यांचीच पितळी वाटी. म्हणाल्या, “दे गं चमचाभर. आमचंच आहे ते.” आईने दिलं. त्या दिवशी आजी आमच्या ओट्यावर टेकल्या आणि पाणी प्यायल्या, आमच्या तांब्यातलं.

योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू काय करतो ते पाहा. दुपारची वेळ, याकोबाची विहीर, समोर शोमरोनी बाई. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्या भांड्यातलं पाणी तर दूरच. आणि प्रभू पहिलं वाक्य बोलतो ते, “मला प्यायला दे.” देणारा तो आहे, जिवंत पाणी त्याच्याकडे आहे, तरी सुरुवात मागण्यापासून. म्हणून बहिणींना मी सांगते, शेजारीण येत नसेल तर आधी तुम्ही तिच्या दारात जा आणि काहीतरी मागा. तिला देऊ द्या. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. तो काही काळ तिचा असू द्या.

एक मात्र स्पष्ट सांगते. कोणी तोंडावर अपमान करत असेल, मुलांना जातीवरून बोलत असेल, तर तिथे पुन्हा पुन्हा जाऊन मान खाली घालणं म्हणजे पाहुणचार नव्हे. प्रभूने शिष्यांनाही सांगितलं होतं की जिथे स्वीकार होत नाही तिथून पायांची धूळ झटकून निघा. त्या घरासाठी प्रार्थना करा आणि पुढच्या दाराकडे वळा.

आमच्याकडे मटण-मासे होतात, शेजारी शाकाहारी आहेत. जेवायला बोलावलं तर चालेल का?

चालेल. फक्त पाहुण्याचे नियम त्याला विचारूनच ठरवा, अंदाजाने नको.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण माझ्या फार कामी आलं. त्यांनी स्वतः १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ साली मुंबईत हिंदू विधवांसाठी शारदा सदन काढलं. तिथे येणाऱ्या ब्राह्मण मुलींना आपले खाण्यापिण्याचे नियम पाळता येतील अशी सोय त्यांनी ठेवली. आपल्या छपराखाली आलेल्याला त्याच्या नियमांसकट आत घ्यायचं, हे त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवलं.

घरात काय करायचं ते सांगते. माझ्याकडे एक कढई, एक तवा, दोन पातेली आणि एक झारा वेगळा आहे, त्यात सामिष कधीच होत नाही. शेजारीण आली तर ती स्वयंपाकघरात येऊन पाहू शकते. तिने विचारायच्या आधी मीच सांगते, “ही भांडी वेगळी आहेत.” त्या दिवशी फ्रीजमध्ये मासे ठेवत नाही, वासानेच जेवण जात नाही काही जणांना. जैन शेजारी असतील तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, जमिनीखालचं काही नको, आणि जेवण सूर्यास्ताच्या आत. म्हणून त्यांना रात्री नव्हे, दुपारी बोलवा. एकादशी, चतुर्थी, कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, हे विचारून दिवस ठरवा. उपवासाच्याच दिवशी बोलावलं गेलं तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी करा, नाराज कोणी होत नाही.

मी नगरची, त्यामुळे माझ्याकडे पाहुण्यांसाठी मासवडी ठरलेली. नावात मासा असला तरी आत खोबरं, तीळ, शेंगदाणे आणि वरून बेसनाचं आवरण. नव्या शेजाऱ्यांना नाव ऐकून धडकी भरते, मग आधी एक वडी कापून आतलं सारण दाखवते.

शेजारी मुसलमान असतील तर?

डुकराचं मांस आणि दारू घरात त्या दिवशी नकोच. मटण द्यायचं असेल तर हलाल दुकानातून आणा आणि तसं सांगा, किंवा सरळ शाकाहारी करा. रमझानमध्ये बोलवायचं तर रोजा सोडायच्या वेळी, खजूर आणि पाणी आधी पुढे ठेवून. नमाजासाठी जागा हवी असेल तर एक खोली मोकळी करून द्या.

‘ख्रिस्ती लोक जेवायला बोलावतात ते धर्म बदलायला’, असं लोक म्हणतात. यावर काय करायचं?

प्रामाणिक राहायचं. एवढंच उत्तर आहे, पण ते सोपं नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक कुटुंब प्रथमच जेवायला आलं. त्याच दिवशी ओळखीचे एक प्रचारक घरी आले. पानं वाढली होती, आणि त्यांनी जेवणाआधी चार शब्द बोलतो म्हणून सुरुवात केली. अर्धा तास गेला. आमटी निवली, भाकऱ्या वातड झाल्या, आणि पाहुण्यांची लहान मुलगी आईच्या मांडीवर झोपून गेली. त्या लोकांनी जेवून आभार मानले, पण पुन्हा आमच्या दारात आले नाहीत. चूक माझी, मी थांबवायला हवं होतं. ज्याला जेवायला बोलावलं त्याला जेवू द्यावं. सुवार्ता सांगायची असेल तर ‘आमच्या घरी प्रार्थना आहे, यायचं असेल तर या’ असं स्पष्ट सांगून वेगळं बोलवावं, म्हणजे ‘नको’ म्हणायची मोकळीक त्यांना राहते. जेवणाचं आमिष दाखवलं की शेजारी आणि सुवार्ता दोघांचाही अपमान होतो.

तरीही लोक विचारतातच. तुम्ही चर्चला का जाता, येशूला का मानता. विचारलं तर लपवू नका, पाच मिनिटांत, आपल्या शब्दांत सांगा. माझ्या अनुभवात ते प्रश्न दहाव्या-बाराव्या चहाला येतात. आलेच नाहीत तरी चहा थांबवायचा नसतो.

जेवणाआधी प्रार्थना करायची की पाहुण्यांसमोर नको?

करा. रोज करता ना? मग आज का नाही. फक्त आधी सांगा : “आम्ही जेवण्याआधी देवाचे आभार मानतो, दोन मिनिटं.” कुणाला डोळे मिटायला, हात जोडायला सांगू नका. प्रार्थना छोटी ठेवा, रोजच्या मराठीत. पाहुण्यांचं नाव घेऊन त्यांच्या घरासाठी आशीर्वाद मागा. आमच्या एका शेजारणीच्या मुलाची बारावीची परीक्षा होती, माझ्या नवऱ्याने प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं. तिने नंतर दोनदा विचारलं, “भाऊंनी नाव घेतलं ना त्याचं?”

शेजारी प्रसाद आणून देतात, हळदीकुंकवाला बोलावतात. आपण त्यांना बोलवायचं आणि त्यांच्याकडे जायचं नाही, हे बरं दिसतं का?

नाही दिसत. इथे आपल्या मंडळ्यांत एकमत नाही हेही खरं. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर आठव्या आणि दहाव्या अध्यायांत बरंच लिहिलंय. कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा, असंही तो म्हणतो. आणि दुर्बळ भावाच्या मनाला ठेच लागत असेल तर जपा, असंही म्हणतो. काही जण प्रसाद घेतात, काही घेत नाहीत. मी दुसऱ्याच्या विवेकावर बोट ठेवणार नाही.

मी स्वतः काय करते ते सांगते. हळदीकुंकवाला जाते. कुंकू लावून घेत नाही, पण तिळगूळ घेते, वाण घेते, गप्पांना बसते. पहिल्या वर्षी शेजारणीला आधीच एकटीला गाठून सांगितलं की मी येईन, पण कुंकू लावत नाही, राग मानू नका. तिने सगळ्यांसमोर करंडा पुढे केलाच नाही, गुलाबाचं फूल दिलं. हे सांगणं चारचौघांत करू नका, तिची पंचाईत होते. प्रसादाचं म्हणाल तर तो नको असेल तेव्हा हात झटकू नका. आणणाऱ्याचं प्रेम आधी घ्या, दोन शब्द नीट बोला.

आमचं घर दोन खोल्यांचं आहे आणि पैशाची ओढाताण असते. आम्ही कुणाला काय बोलावणार?

सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलं होतं, आणि दुष्काळात एलीया संदेष्टा तिच्याकडेच भाकर मागायला गेला. तुमच्याकडे चहा-साखर आहे. चार माणसं एकदम बोलावू नका, एकीला बोलवा. खाटेवर बसवा, खाली सतरंजी घाला. लोक घरातल्या वस्तू मोजायला येतात असं वाटतं खरं, पण माझा अनुभव असा की छोट्या घरात पाहुणे लवकर मोकळे होतात. मोठ्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेवर बसून निघून जातात.

उधार घेऊन पाहुणचार करू नका. एकदा केलात की पुढच्या वेळी पाहुणा दारात दिसताच पोटात गोळा येईल. पेत्राने पहिल्या पत्रात ‘कुरकुर न करता’ पाहुणचार करा असं लिहिलंय, आणि कुरकुर बहुतेक वेळा ऐपतीबाहेरच्या बेतातून जन्मते.

घर आवरलेलं नसतं. आधी नीट लावून मग बोलवावं, असं वाटतं.

मग बोलावणं होणारच नाही. प्रभू जिच्या घरी पाहुणा आला त्या मार्थेला तो बोलला ते स्वयंपाक केला म्हणून नव्हे, ती पुष्कळ गोष्टींनी तगमगत होती म्हणून. संडास-बाथरूम आणि बसायची जागा स्वच्छ ठेवा, बाकीचं दार लोटून घ्या.

नाताळात काय करावं?

नाताळ आपल्याला आयता मिळतो, कारण त्या दिवशी लोक आपण होऊन शुभेच्छा द्यायला येतात. आमच्याकडे करंज्या, लाडू, शंकरपाळी, चकल्या होतात, दिवाळीच्या फराळासारख्याच, आणि केक. गोव्यात नाताळाला नेवऱ्या, दोदोल, कुलकुलांचं ताट हिंदू शेजाऱ्यांकडे जातं आणि गणेशचतुर्थीला तिकडून नेवऱ्यांचं ताट येतं. आपल्याकडेही दिवाळीत शेजारून ताट येतंच. ते ताट रिकामं परत करू नका, काही नसेल तर निदान साखर घालून द्या, हे आपल्या आयांनी शिकवलंय. केक अंड्याचा असेल तर तसं सांगा. शाकाहारी घरांसाठी मी रव्याचा बिनअंड्याचा केक वेगळा करते आणि तो वेगळ्या डब्यात, वर कागद चिकटवून.

पण एक विनंती. फक्त ताट पाठवून थांबू नका. ताटाने दारापर्यंत जाता येतं. नाताळाच्या आठवड्यात एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि मजल्यावरच्या घरांना आत बोलवा. गाणी म्हणा, मुलांना गव्हाणीचा देखावा दाखवा. तो पाहून लहान मुलं इतके प्रश्न विचारतात की उत्तरं देताना आपल्यालाच ती गोष्ट नव्याने कळते.

चार वेळा बोलावलं. त्यांनी एकदाही बोलावलं नाही.

लूक १४ पुन्हा वाचा. फेड होऊ नये म्हणूनच तर तसं बोलावायला सांगितलंय. आणि कधी त्यांच्या घरात आजारी माणूस असतं, पिणारा नवरा असतो, लाज असते. दार उघडत नाही त्यामागे काय आहे ते आपल्याला दिसत नाही.

सुरुवात कुणापासून करावी?

तुमच्या घरी रोज येणाऱ्या आणि कधीच न बसणाऱ्या माणसापासून. धुणंभांडी करणाऱ्या ताई, सोसायटीचे वॉचमन मामा, कचरा नेणाऱ्या मावशी. आपल्या घरांतही कामवाल्या ताईंचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे, आणि ते पाहून मला रडू आलं. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वरून सोडलेलं पाणी ओंजळीत झेललं, त्यांच्या घरात वेगळा कप! तो कप आजच काढून टाका. ताईंना आपल्याबरोबर टेबलाशी बसवा, सगळ्यांच्या कपांतल्या एका कपात चहा द्या. पहिल्या दिवशी त्या बसणार नाहीत, जमिनीवर टेकतील. मग तुम्हीही जमिनीवर बसा.

त्यानंतर एकटी राहणारी म्हातारी माणसं, ज्यांची मुलं परगावी आहेत. त्यानंतर भाड्याने राहणारी कॉलेजची पोरं, ज्यांच्याबद्दल सोसायटीच्या मीटिंगमध्ये फक्त तक्रारी होतात. एकटी बाई घरात असेल तर अनोळखी पुरुषाला एकट्याला आत घेऊ नका, नवरा किंवा शेजारीण असताना बोलवा. इतकी काळजी घ्यावीच.

पहिल्यांदा बोलावताना नेमकं काय म्हणावं? शब्दच सुचत नाहीत.

‘कधीतरी या ना घरी’ असं म्हणू नका. ते कुणी खरं धरत नाही. दिवस आणि वेळ सांगा : “काकू, शनिवारी साडेपाचला चहाला या. तुमच्या हातची वांग्याची भाजी कशी करता ते मला लिहून घ्यायचंय.” वही-पेन टेबलावर काढून ठेवा आणि सव्वापाचला आधण चढवा.